आधी दोष शोधा, मग भंगाराचं बोला

पंधरा वर्षांची मारुती एखाद्या सकाळी उठली नाही की घरात, पारावर, पेट्रोल पंपावर सल्ला एकच मिळतो : काढून टाका. सल्ला देणारी माणसं वाईट नसतात. पुण्याला नोकरीला असलेला मुलगा फोनवर म्हणतो, ‘बाबा, कशाला त्या डब्यात जीव घालताय?’ जुन्या गाड्यांचा एजंट सांगतो की आज येतेय ती किंमत पुढच्या वर्षी येणार नाही. गॅरेजवालासुद्धा दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला मान हलवून म्हणतो, ‘गाडीचं वय झालंय, काका.’ बारामतीहून काटेवाडी, भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर हे इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की त्यावर कुणी प्रश्न विचारतच नाही. मला तो विचारायचा आहे, कारण या सल्ल्यापायी धडधाकट गाड्या कवडीमोलाने जाताना मी पाहतो आणि त्या जागी कर्ज येताना पाहतो.

समोरच्यांचा मुद्दा त्यांच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. जुनी गाडी एकदा बंद पडायला लागली की पडतच राहते. आज बॅटरी, उद्या सेल्फ, परवा कार्बोरेटर. खर्चाला अंत नाही. गाडीची किंमत पन्नास हजार आणि वर्षाचा खर्च तीस हजार, हा कुठला हिशेब? शिवाय सरकारनेच पंधरा वर्षांची मुदत घातली आहे, मग आपण का अडून बसायचं?

या युक्तिवादात सगळं आहे, एक गोष्ट सोडून : त्या सकाळी गाडीत नेमकं काय बिघडलं होतं? वय हा दोष नव्हे. वयामुळे रबर कडक होतं, तांबं हिरवं पडतं, स्प्रिंग सैल पडते, कार्बन झिजतो. यातल्या प्रत्येक गोष्टीला गाडीत ठरलेली जागा आहे आणि बहुतेकींची किंमत शे-पाचशेच्या घरात आहे. ‘वय झालं’ हे ऐकून कुठला नट खोलायचा ते कळत नाही. विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही तर इंदापूर तालुक्यातला कुठलाही शेतकरी विहीर विकायला काढत नाही. तो फेज बघतो, फ्यूज बघतो, स्टार्टरचं झाकण उघडतो, फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय का ते पाहतो. हाच माणूस चारचाकीपुढे मात्र हात टेकतो, आणि मला सर्वांत जास्त टोचतं ते हे.

गाडी सुरू व्हायला फार काही लागत नाही. इंजिन पुरेशा वेगाने फिरलं पाहिजे, आत इंधन आणि हवा गेली पाहिजे, ती नीट दाबली गेली पाहिजे आणि पेट्रोल गाडी असेल तर योग्य क्षणी ठिणगी पडली पाहिजे. यातलं काय कमी पडतंय हे ओळखायचं पहिलं साधन म्हणजे कान. चावी फिरवल्यावर काहीच आवाज नाही, नुसता एक ‘कट्’, भराभर ‘कट-कट-कट’, जड आवाजात रेंगाळत फिरणं, किंवा झपाझप फिरून न पकडणं, हे पाच वेगवेगळे आजार आहेत. गॅरेजला फोन करताना आपण सगळ्यांना मिळून ‘गाडी चालू होत नाही’ एवढंच म्हणतो आणि समोरचा बॅटरी घेऊन निघतो.

सणसरच्या एका शेतकऱ्याची मारुती ८०० माझ्या पाहण्यातली. चावी फिरवली की ‘कट्’ आणि संपलं. एका गॅरेजने नवी बॅटरी बसवली. दोन दिवस बरी चालली, मग पुन्हा तेच. मग सेल्फ बदलला, पुन्हा चार दिवस बरं. त्यानंतर ‘आता विका’ हा सल्ला आला. गाडी विकायची हे घरात ठरलंही होतं. तेव्हा एका जाणत्या वायरमनने मल्टिमीटर आणला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाच्या शिशावर धरलं, टर्मिनलच्या पट्ट्यावर नव्हे. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. चावी फिरवायला सांगितली. खरं तर त्या दोन ठिकाणांमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसायला नको. काटा तीनच्या आसपास गेला. त्याने टर्मिनलपासून चार बोटांवर केबलचं रबर चिरलं. आत तांब्याच्या तारा नव्हत्याच म्हणायच्या. हिरवी भुकटी होती आणि तिच्यात सात-आठ तारा कशाबशा जोडलेल्या. बाहेरून रबर काळंभोर, नव्यासारखं. दोन्ही वेळा टर्मिनल घासून साफ झालं होतं, केबल हलल्यामुळे तारा दोन-चार दिवस एकमेकींना टेकत होत्या, म्हणून ‘बरी चालली’. केबल दीड-दोनशे रुपयांची. आधीची बॅटरी तोवर एक्स्चेंजमध्ये गेलेली. ती चांगली होती की वाईट हे पाहायलाही उरली नव्हती.

या गाडीचा मालक दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगत होता : ‘हेडलाइट लख्ख लागतात, हॉर्न वाजतो.’ त्याचं खरं होतं, आणि तरी त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर ओढतात. सेल्फ शंभर किंवा त्याहून जास्त ओढतो. कुजलेल्या सांध्यात अवघा ०.०३ ओहम अडथळा धरा. दिव्यांच्या वेळी त्यात पाव-एक व्होल्ट जातो, डोळ्यांना फरक कळत नाही. सेल्फच्या वेळी तिथेच तीन व्होल्ट जातात आणि सेल्फ जागचा हलत नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम हाच. बारामतीच्या आसपास इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, आयटीआय आहे, एमआयडीसीत पियाजिओचा कारखाना तीनचाकी गाड्या बनवतो. आणि तरी त्याच भागात दोनशे रुपयांच्या केबलसाठी बॅटरी आणि सेल्फ बदलले जातात.

बॅटरीबद्दलही तेच. स्थिर असताना १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, बाराच्या खाली म्हणजे उतरलेली. चावी फिरवताना साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ आतून जाम होऊन जास्त करंट ओढतोय. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं हे खरं. म्हणूनच ती मोजली पाहिजे. मोजायला एक मिनिट लागतं.

इंजिन झपाझप फिरतंय पण पकडत नाही, हा वेगळा प्रकार. इथे बॅटरी आणि सेल्फ दोन्ही निर्दोष ठरले, त्यांच्याकडे पुन्हा पाहायचं कारण नाही. जुन्या कार्बोरेटरच्या ८०० मध्ये मी आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून कुणाला तरी चावी फिरवायला सांगेन. आतला रोटर फिरला नाही तर टायमिंग बेल्ट तुटलाय, कारण या इंजिनात रोटर कॅमशाफ्टवर फिरतो. मग प्लग आणि पेट्रोल तपासत बसण्यात अर्थ नाही. रोटर फिरतो, तर प्लग काढून तो इंजिनाच्या धातूला टेकवायचा, सांडलेलं पेट्रोल आसपास नाही ना हे आधी बघायचं, आणि ठिणगी पाहायची. निळी, कडक ठिणगी असेल तर बरं. पिवळट, मरतुकडी असेल तर पॉइंट, कंडेन्सर, कॉइल. पॉइंटमधलं अंतर साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर लागतं. तिथे काळी पुटं चढली की पॉलिश पेपरने घासून फीलर गेजने लावायचं. प्रीमियर पद्मिनी वापरलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

ठिणगी आहे आणि प्लग कोरडा आहे, मग पेट्रोल पोचत नाही. पेट्रोल ओढणाऱ्या एसी पंपाचा डायफ्रॅम फाटलाय, फिल्टर तुंबलाय, जेटमध्ये कचरा बसलाय. प्लग ओला आणि वास येतोय, तर उलट पेट्रोल जास्त झालंय. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला की बरेचदा मोकळी होते. भर उन्हात पंधरा मिनिटं थांबवलेली गाडी पुन्हा सुरू होत नसेल, तर पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की ती निघते. गॅसवर चालवलेल्या ओम्नी आणि ८०० मध्ये पेट्रोलची बाजू महिनोन्महिने वापरात नसते, डायफ्रॅम वाळून जातो. तिथे इंजिनाला दोष देणं चुकीचं. उसाच्या फडाशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी बॉनेट उघडून वायरी पाहाव्यात. फड तुटला की उंदीर निवारा शोधतात आणि गरम इंजिन त्यांना आवडतं.

आता ‘जुन्या’ म्हणवल्या जाणाऱ्या पुष्कळ गाड्या इंजेक्शनच्या आहेत, अल्टो, वॅगनआर, सँट्रो. त्यांना हात लावता येत नाही असा समज आहे. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखाली किंवा टाकीपाशी पंपाची दोन-तीन सेकंद गुणगुण ऐकू येते का, एवढं कुणालाही ऐकता येतं. येत नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप, याच क्रमाने. अंदाजाने ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणणाऱ्याला विचारा की फ्यूज पाहिला का.

डिझेल जीप, सुमो यांचं दुखणं बहुधा एकच असतं, एअर. टाकी तळाला गेली किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते. हँड पंप मारून, नट सैल करून फेस जाईपर्यंत डिझेल काढलं की काम होतं. थंडीत हीटर प्लग तपासायचा. या दोन गोष्टी न करता इंजेक्शन पंप खोलायला पाठवणं हा सरळ अन्याय आहे.

इथेनॉलचा विषय टाळता येणार नाही, आणि या तालुक्यांत तर नाहीच. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी : उसाची आणि साखर कारखान्यांची ही भूमी, आणि उसापासूनही होणारं इथेनॉल देशभरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातंय. एप्रिल २०२३ आधीच्या बहुतेक गाड्या या मिश्रणासाठी बनवलेल्या नव्हत्या. त्यावरून आता ‘जुनी गाडी चालवूच नका’ असं बोललं जातं. इथेनॉल पाणी ओढतं हे खरं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंपाची नळी नेमकी तळातूनच उचलते. जुनं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं. टाकीत साठलेला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉलची वाफ थंडीत पेट्रोलइतकी सहज होत नाही, म्हणून पौषातल्या सकाळी चोक जास्त लागतो. पण या प्रत्येक त्रासावर इलाज आहे : इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या, नवा डायफ्रॅम, वेळेवर फिल्टर, आणि गाडी महिना-दोन महिने अर्ध्या टाकीवर उभी न ठेवणं. उसावर जगणाऱ्या भागात हे सांगण्याची जबाबदारी आपलीच जास्त आहे. गाडी भंगारात घाला म्हणण्यापेक्षा नळी बदला म्हणावं.

मग हे साधं काम का होत नाही? मेकॅनिकला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. आपण त्याला दोष शोधण्याचे पैसे देत नाही. अर्धा तास मीटर लावून त्याने केबल शोधली आणि पाचशे रुपये मागितले तर आपण म्हणतो, ‘नुसती वायर तर बदललीस!’ तोच चार हजारांची बॅटरी बसवतो तेव्हा आपण निमूट पैसे मोजतो, कारण हातात काहीतरी वस्तू आली. त्याला पैसे वस्तूवर सुटतात, विचारावर नाही. मग तो वस्तू बदलत जातो. ज्या गावात शोधण्याची मजुरी कुणी देत नाही तिथे शोधणारा टिकत नाही, तो पुण्याला शोरूममध्ये जातो. खर्चाला अंत नाही ही तक्रार खरी आहे, पण तो खर्च जुन्या गाडीचा नसून न शोधता बदलण्याचा आहे.

धक्का मारण्याबद्दलही स्पष्ट बोलतो. निकडीला एकदा ठीक. रोज सकाळी चार पोरं लावून गाडी ढकलणं म्हणजे दोष माहीत असूनही न पाहणं, आणि इंजेक्शनच्या गाडीत न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि वेगळाच खर्च उभा राहतो.

आता कायदा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. ती संपली म्हणजे गाडी संपत नाही. मोटार वाहन कायद्यात पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरणाची सोय आहे. आरटीओकडे गाडी दाखवायची, तपासणीत ती योग्य ठरली पाहिजे, शुल्क आणि पर्यावरण कर भरायचा. १५ वर्षांनंतर सक्तीने निवृत्ती आहे ती सरकारी गाड्यांना, १ एप्रिल २०२३ पासून. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा निर्बंध दिल्ली परिसरासाठी घातला गेला. तो तिथल्या हवेमुळे आला. इंदापूरला तो लागू नाही. तरी एजंट मंडळी दिल्लीचा नियम इथे सांगतात आणि एमएच-१२ ची जुनी पाटी पाहून किंमत पाडतात. चारचाकीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर २०२२ मध्ये गेलं, २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढलं. ते जड आहे, वर्षाकाठी फारशी न चालणाऱ्या गाडीला तर फारच. तरी पाच वर्षांत वाटून पाहा आणि नव्या गाडीच्या हप्त्याशेजारी ठेवा. नवी चारचाकी साडेतीन-चार लाखांच्या खाली येत नाही.

काही गाड्या खरोखर संपलेल्या असतात आणि त्यांना वाचवू नये, हे मी मनापासून म्हणतो. चासीला किंवा खालच्या पत्र्याला आरपार गंज, जॅक लावला की दबणारी कड, कॉम्प्रेशन गेलेलं आणि निळा धूर ओकणारं इंजिन, ब्रेकच्या कुजलेल्या पाइपलाइन : अशी गाडी नोंदणीकृत भंगार केंद्रात द्यावी. पुणे-सोलापूर महामार्गावर रोज शंभरच्या वेगाने जाणाऱ्याने एअरबॅग नसलेली ८०० वापरू नये, हेही मला मान्य आहे. पण या कसोट्या लावल्या तर निर्णय गंजावर, ब्रेकवर, वापरावर होतो. ‘सकाळी उठली नाही’ या कारणावर होत नाही.

आणि वापर कसला आहे ते पाहा. उजनीच्या पाणलोटाकडच्या गावांत, कालव्याच्या टोकाच्या वस्त्यांवर रात्री दहानंतर एसटी नसते. तिथली जुनी मारुती महिन्यातून मोजक्या वेळा निघते : बाळंतपणाला बारामतीला, म्हाताऱ्या आईला डॉक्टरकडे, लग्नाला, डाळिंबाची चार क्रेट घेऊन बाजारात. अशा घराला रोज लागणारी नवी गाडी नकोच असते. त्याला हवी असते लागेल तेव्हा सुरू होणारी गाडी. ती विकली की बहुतेकदा नवी येत नाही. रात्री शेजाऱ्याचं दार वाजवावं लागतं.

दुरुस्तीचं कसब इथे नवं नाही : वालचंदनगर याच इंदापूर तालुक्यात आहे. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी इथे माळरानावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला आणि त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली पद्मिनी देशभर चालली आणि रस्त्याच्या कडेला, हातात असलेल्या पान्यांनी दुरुस्त होत राहिली. वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची अवजड यंत्रं बनत आली, इस्रोच्या अग्निबाणांचे भाग बनत आले. यंत्र खोलून, मोजून, पुन्हा बसवण्याचं कसब या मातीला परकं आहे असं कुणी सांगू नये.

‘पार्ट मिळत नाहीत’ हा शेवटचा आक्षेप. पद्मिनीबाबत तो बराच खरा आहे. तिचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं आणि सुटे भाग शोधत फिरावं लागतं. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ पर्यंत चालू होतं. तिचं ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत होतं आणि पहिल्या अल्टोतही त्याच घराण्यातलं होतं, त्यामुळे प्लग, फिल्टर, बेल्ट, पंप, केबल बारामतीच्या दुकानांतच मिळतात. नसलेला पार्ट पुण्याहून दुसऱ्या दिवशी येतो. तेव्हा पुढच्या वेळी गाडी उठली नाही, तर मेकॅनिकला बॅटरीसकट बोलावू नका, मीटरसकट बोलवा. काय मोजलं आणि किती आलं ते बिलावर लिहून मागा, शोधण्याची मजुरी वेगळी लावू द्या आणि ती घासाघीस न करता द्या. बदललेला जुना पार्ट आपल्याकडे ठेवा. सणसरची ती बॅटरी घरात राहिली असती तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं की दोष तिच्यात नव्हता.